कुड्याचे दात

प्रिय दातवालीस,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी दचकशील आणि मग फोन उचलशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, मी ठणठणीत आहे. मनगट ढगाळ हवेत जरा कुरकुरतं, पण तेही आता माझ्यासारखंच झालंय, आधी बोलून दाखवतं आणि मग मुकाट्याने कामाला लागतं. फोनवर आपण काय बोलतो ते दोघींना ठाऊक आहे. तू विचारतेस, बरी आहेस ना? मी म्हणते, बरी आहे, तू? तूही बरीच असतेस. मग कुणीतरी एक ‘ठेवते’ म्हणते. मला जे सांगायचंय ते एवढ्यात मावणारं नाही. म्हणून आज दुपारी कारखान्याचं दार लोटून घेतलं, टेबलावरचा भुसा झाडला आणि लिहायला बसले. पलीकडच्या गाळ्यात कातारीमामांचा लेथ घरघरतोय. मधली भिंत फळ्यांची असल्यामुळे टेबल हलतं, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर तो दोष त्यांचा.

कुड्याने पानं गाळली. या वर्षी जरा उशिराच. परवा कातारीमामांना बरोबर घेऊन टेकडीवर जाऊन आले. एकटी गेले नाही, तुला दिलेला शब्द पाळला. मामा वर जाईपर्यंत चार वेळा बसले आणि प्रत्येक वेळी म्हणाले की आपण बसलो नाही, झाड निरखतोय. तोडायचं काम मीच केलं. जमिनीपासून वीतभर सोडून, तिरका घाव. ती वीत सोडली की पुढच्या वर्षी त्याच बुंध्यातून चार नवे फोक येतात, ही गोष्ट मी तुला पहिल्यांदा दाखवली तेव्हा तू म्हणाली होतीस, दाताचं असं असतं तर आमची लॅब बंद पडली असती. मी मामांना तो विनोद सांगितला. ते इतके हसले की पाचव्यांदा बसावं लागलं.

तुला आठवतं, पहिल्यांदा कुडा बघून तुझा चेहरा किती पडला होता? तुला वाटलं होतं एवढं नाव आहे तर मोठा वृक्ष असेल. आणि हे तर झुडूप. डोक्याच्या वर फार जात नाही, खोड कमी आणि फांद्याच जास्त, तोडलं की दुधासारखा चीक हाताला चिकटतो. वाटसरूचं लक्ष जातं ते पांढरी फुलं आली म्हणजे, नाहीतर जोडीजोडीने लोंबणाऱ्या त्या शेंगांकडे. पण साल काढली की आत जे निघतं ते हस्तिदंताच्या तोंडात मारेल असं. रेषा इतकी बारीक की दिसतच नाही. माझ्या सासूबाई सांगायच्या, जे ओठाला, केसाला किंवा बाळाच्या हिरडीला लागणार, ते कुड्याचं करावं, कारण त्याला कुसळ उठत नाही. म्हणून जुन्या लोकांनी फण्या, चमचे, शिवणाऱ्यांची रिळं, अंगरख्याच्या गुंड्या, तान्ह्यांचे खुळखुळे सगळं याच लाकडात केलं. बांधकामाला हे लाकूड कुणी विचारत नाही. घर याच्यावर उभं राहत नाही, पण घरातल्या माणसांच्या हातात दिवसभर हेच असतं. परवाच्या फांद्या सोलून बाकड्याखाली सावलीत रचून ठेवल्यात. उन्हात ठेवल्या तर तडकतात, आणि ओल्या राहिल्या तर निळे डाग पडतात. तुला हे सगळं पाठ आहे. तरी लिहिते, कारण हे बोलायला आता इथे मामांशिवाय कुणी नाही आणि मामा ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

तू माझ्या मुलाशी लग्न करून या घरात आलीस तेव्हा मला एवढंच माहीत होतं की मुलगी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते. मला वाटलं, ठीक आहे, बाहेर नोकरी करेल, घरात माझं माझं चालू राहील. मग पहिल्याच रविवारी तू कारखान्यात डोकावलीस, तयार फण्यांतली एक उचललीस, दातांवरून अंगठा फिरवलास आणि हळूच म्हणालीस, “अहो आई, यातला मधला एक दात जाड आहे का हो?” मला काय राग आला होता. माझा सगळा जन्म फण्या करण्यात गेला आणि ही कालची पोर मला दात दाखवते. तू घरात गेल्यावर मी भिंग काढून पाहिलं. होता. केसभर, पण होता. संध्याकाळी मी काही न बोलता जोडपात्याची करवत तुझ्या हातात दिली आणि एक ठोकळा पुढे सरकवला. एक पातं दात कापतं आणि दुसरं पुढच्या दाताची खूण करत जातं, हे मी तोंडाने सांगितलंच नाही, तुझं तुलाच कळलं. पहिली फणी वाकडी झाली, दुसरी बरी झाली, तिसरी मी विकायला ठेवली. त्या दिवशी मामांना तू विचारलंस की इथे या कामाला काय म्हणतात. ते म्हणाले, दात पाडणं. तू म्हणालीस, कमाल आहे, तुमच्याकडे दात पाडले की येतात आणि आमच्याकडे पाडले की जातात. तेव्हापासून तू त्यांची दातवाली झालीस आणि मग सगळ्या गल्लीची.

त्याला, म्हणजे माझ्या मुलाला, या भुशाने लहानपणापासून शिंका यायच्या. कारखान्यात तो दारापर्यंत यायचा आणि तिथूनच काय हवं ते सांगायचा. बंदरावर यंत्रांच्या देखभालीची नोकरी मिळाली तेव्हा मला वाटलं, समुद्राची हवा त्याला मानवेल. मानवली. आधी दर आठवड्याला यायचा, मग महिन्याने, मग काम निघालं म्हणून राहिला. तुमच्यात भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर बरं झालं असतं, निदान मधे पडता आलं असतं. त्याचा तो फोन आला तेव्हा आपण फण्या कोमट तेलात सोडत होतो. फोन तू उचललास. बराच वेळ तू फक्त ऐकत होतीस. मग “बरं” म्हणालीस आणि फोन माझ्याकडे दिलास. त्याने मलाही तेच सांगितलं, की तो परत येणार नाही, तिथे त्याचं कुणाशी तरी जुळलंय, आणि यात तुझी काही चूक नाही. शेवटचं वाक्य तो दोनदा बोलला. मी फोन ठेवून वळले तर तू पातेल्यापाशी उभी होतीस. मला वाटलं आता रडशील. तू म्हणालीस, “अहो आई, तेल फार तापलंय, उतरवू का?” मी म्हटलं, उतरव. मग आपण दोघींनी मिळून सगळ्या फण्या बाहेर काढल्या आणि फडक्यावर ओळीने मांडल्या. एकही काळी पडली नव्हती.

तो माझा मुलगा आहे. फांदी तोडावी तसा तो मला तोडता आला नाही, आणि तू तशी अपेक्षाही कधी केली नाहीस. त्याचा फोन आला की तू कपडे वाळत घालायला गच्चीवर जायचीस, कपडे नसले तरी. ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती असं समजू नकोस. गल्लीतले लोक विचारायचे, सून अजून इथेच का? मी म्हणायचे, मुलगा गेलाय, सून कशाला जाईल? पुढे कोर्टाचा कागद आला तेव्हा हे उत्तरही माझ्याकडे उरलं नाही. त्या दिवशी तू लॅबला गेली नाहीस आणि एकाही फणीला दात पाडले नाहीस. नुसता एक ठोकळा घेऊन घासत बसलीस, सकाळपासून जेवणापर्यंत, जेवणानंतर पुन्हा. शेवटी तो इतका पातळ झाला की फणीच्या कामाचा राहिला नाही. मामांनी तो गुपचूप उचलला आणि त्याची मापाची पट्टी केली. तुला बरं वाटेल म्हणून नव्हे, त्यांची जुनी पट्टी मोडली होती म्हणून. तसं ते निक्षून सांगतात.

आणि मग माझं मनगट. टेकडीवरच्या त्या वाळक्या पाल्यावरून पाय घसरला ते मला आठवत नाही, पण तू वरून धावत आलेलीस ते आठवतं. तू मोळीतल्या दोन सरळ काठ्या काढल्यास, रुमाल फाडलास आणि माझा हात बांधताना म्हणालीस, “आई, हात हलवू नकोस. माझ्याकडे बघ.” तोवर मी तुझी ‘अहो आई’ होते आणि ‘तुम्ही’ होते. हाड मोडल्याचा आवाज मला आला नाही, पण तो ‘अहो’ गळून पडला ते मला स्वच्छ ऐकू आलं. मी मुद्दाम काही बोलले नाही, बोलले असते तर तू ओशाळून पुन्हा ‘तुम्ही’वर गेली असतीस. दवाखान्यात प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले की या काठ्या छान बांधल्यात, कुणी बांधल्या? मी म्हटलं, हिने, ही दात करते. त्यांना त्याचा काही अर्थ लागला नाही.

नेमकी त्याच वेळी नाटकासाठी केसांचे टोप करणाऱ्यांची मोठी मागणी आलेली. मी म्हटलं, त्यांना नाही कळवू या. तू ऐकलं नाहीस. लॅबमधून यायचीस, हातपाय धुवायचीस आणि जेवणाची वेळ होईपर्यंत करवतीवर बसायचीस. मी गळ्यात हात अडकवून शेजारी बसायचे आणि नको त्या सूचना द्यायचे. तू सगळ्यांना “हं” म्हणायचीस आणि हवं तेच करायचीस. टोकं गोल करायला तू फण्या लॅबमध्ये नेल्यास आणि कवळ्या चकचकीत करायच्या चाकावर फिरवून आणल्यास. मला ते अजिबात पसंत नव्हतं. टोपवाले आले, त्यांनी एक फणी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवरून फिरवली, डोळे मिटून, आणि म्हणाले, हा हात तुमचा नाही. मी म्हटलं, घरचाच आहे. त्यानंतर ते दर खेपेला तशाच गोल टोकांच्या फण्या मागतात. मी आता कानस आणि पॉलिशपेपरने करते, पण तुझ्या चाकाची सर येत नाही. हे मी तोंडावर कधी कबूल केलं नसतं, पत्रात चालतं.

आता ज्या गोष्टीबद्दल आपण दोघीही फोनवर बोलत नाही, ती लिहिते. प्लास्टर निघून बरेच दिवस झाले होते. तुझ्या लॅबचे दातांचे डॉक्टर नातवासाठी खुळखुळा घ्यायला कारखान्यात आले होते. बोलता बोलता म्हणाले, मोठ्या शहरातल्या लॅबने तुमच्या सुनेला सगळ्या विभागाचं काम सांभाळायला बोलावलं होतं, दोनदा विचारलं, ती नाही म्हणते, सासूबाईंचा हात अजून बरा नाही म्हणते. मी खुळखुळा कागदात बांधून दिला. त्याच हाताने बांधला, गाठ मारून. डॉक्टरांनी एकदा हाताकडे आणि एकदा गाठीकडे पाहिलं. तू संध्याकाळी आलीस, आपण जेवायला बसलो, आणि मी म्हटलं, तू शहरात जा. तू विचारलंस, “मला घालवतेस?” मी म्हटलं, हो. तू ताट तसंच ठेवून उठलीस. चार दिवस आपण घरात अशा वावरलो, जणू दोन भाडेकरू. पाचव्या दिवशी सकाळच्या बसने तू गेलीस. बॅग मी उचलायला गेले तर म्हणालीस, हात दुखेल. मला तेव्हा हसू आलं आणि ते मी गिळलं. बस वळली तरी तू मागे पाहिलं नाहीस.

तुला वाटलं असेल, कोर्टाच्या कागदाने नातं संपलं म्हणून म्हातारीने दार दाखवलं. किंवा मुलाला घरी यायला मोकळीक व्हावी म्हणून. गल्लीत दोन्ही बोललं गेलं. खरं कारण फार साधं आहे. डॉक्टर येऊन गेले त्याच्या आदल्याच दिवशी तू करवतीवर बसली होतीस आणि मी मागून पाहत होते. तू अधूनमधून मान मोडत होतीस, माझ्यासारखी. उठताना गुडघ्यावर हात ठेवून “चला” म्हणालीस, माझ्यासारखं. संध्याकाळी कुठे जायचंय का विचारलं तर म्हणालीस, कुठे जायचंय आता. हे वाक्य माझ्या वयाचं आहे गं. माझी सोबत करता करता एक तरणीताठी बाई माझ्या डोळ्यांदेखत म्हातारी होत होती, आणि मला ती सोबत इतकी हवीहवीशी झाली होती की आणखी एक वर्ष गेलं असतं तर मी तुला सोडूच शकले नसते. म्हणून लगेच सांगितलं. कारण सांगितलं असतं तर तू गेली नसतीस, वर मलाच समजावत बसली असतीस. मी चुकले असं मला आजही वाटत नाही. पण तू गेल्यावर पहिले काही दिवस मी स्वयंपाक दोघींचाच करत होते आणि उरलेलं मामांना देत होते. मामा म्हणाले, असं किती दिवस चालणार? मी म्हटलं, तुम्हाला काय त्रास होतोय? ते म्हणाले, त्रास नाही, फक्त वजन वाढतंय.

तर आता मुख्य बातमी. आपल्या गल्लीतल्या शिंपीणबाईंनी कवळी करून घेतली. इथल्या डॉक्टरांनी त्यांना तुमच्याच शहरातल्या लॅबकडे पाठवलं आणि तू त्या दिवशी दुसऱ्या शाखेत गेली होतीस म्हणून तुमची भेट झाली नाही, एवढं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. बाकीचं सांगायला वेळ लागला, कारण कवळी नवी आणि बाई उतावीळ. प्रत्येक शब्दामागे शिट्टी वाजत होती. मला कळेना की कुणाचं काय झालं. शेवटी त्यांनी कवळी काढून हातात घेतली आणि बोळक्या तोंडाने नीट सांगितलं, की दातवाली लग्न करतेय. लॅबच्या दारात एक उंच दाढीवाला माणूस दाराची बिजागरी नीट करत होता, कुणी सांगितलं नसताना. आतल्या मुलींनी हसून यांना सांगितलं की तोच तो. शाळांची वाद्यं दुरुस्त करतो. पुढच्या महिन्यात नोंदणी आहे. मग शिंपीणबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्हाला माहीत नव्हतं?

माझी दातखीळच बसली. मग म्हटलं, माहीत होतं, तुम्ही कशा सांगताय ते ऐकत होते. त्या गेल्यावर मात्र वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी कापलेली एक फणी वाया गेली. पण दुसऱ्या दिवशी कुड्याची साल काढत बसले असताना, हात चालू आणि डोकं रिकामं, तेव्हा माझं मलाच उमगलं की तू मला सांगणार तरी कशी. गेल्या तीन-चार फोनमध्ये ‘बरी आहे’ म्हणण्याआधी तू जरा थांबत होतीस. मी समजत होते की लाइन खराब आहे. ‘मी पुन्हा लग्न करतेय’ हे जिच्या मुलाने आपल्याला सोडलं तिला कोणत्या शब्दांत सांगायचं, हे कुणी शिकवत नाही. सांगितलं तर टोचून सांगितल्यासारखं होईल आणि नाही सांगितलं तर लपवल्यासारखं. तुझ्या जागी मी असते तर मीही दारापर्यंत येऊन परत गेले असते. तेव्हा तू मनाला लावून घेऊ नकोस. मला आनंद झालाय. आधी वाईट वाटलं आणि नंतर आनंद झाला, यातलं दुसरंच खरं धर.

माझ्या मुलालाही मीच फोन करून सांगितलं. त्याला बाहेरून कळावं हे मला नको होतं. त्याची मुलगी आता चालायला लागली आहे, फोनवर मागे तिचा आवाज येत होता. मी सांगितल्यावर तो फोन घेऊन बाहेर गेला असावा, तिचा आवाज थांबला. मग म्हणाला, “आई, तिला माझ्याकडून सांग...” आणि थांबला. म्हणाला, “नको, काही सांगू नकोस.” मी म्हटलं, बरं. तरी तुला सांगतेय, कारण न सांगितलेलं पुष्कळ झालं. मग मी त्याला म्हटलं की मी जाणार आहे. त्याने विचारलं, तू कशाला? मी म्हटलं, मला जायचंय म्हणून. तेव्हा म्हणाला, बसमध्ये खिडकीची जागा घे, तुला मळमळतं. त्याला एवढंच जमतं. ते मी घेतलं.

तर मी जाणार आहे असं त्याला सांगून बसले आहे, आणि तू तर मला अजून बोलावलेलंही नाहीस. पत्र त्यासाठीच आहे. तुझी आई येईल, भाऊ येईल, आईच्या जागी तीच बसेल आणि तिनेच बसावं. ती जागा मला नको. सासू म्हणून यायची तर सोयच उरली नाही. मी चौकशी केली, नोंदणीच्या वेळी साक्षीदार लागतात. त्यातली एक सही मला करू दे. त्या पातेल्यापाशी तू कशी उभी राहिलीस ते मी पाहिलंय, टेकडीवर माझा हात कसा बांधलास ते पाहिलंय, आणि मागे न बघता बसमधून कशी गेलीस तेही. तुझ्याबद्दल शपथेवर सांगायला मी इथे कितीतरी वर्षं तयारच बसले आहे, नुसती सही राहिली आहे. कारकुनाने नातं विचारलं तर काय सांगायचं ते तू ठरव, तू सांगशील ते मी मान्य करीन. आणि तुला अवघड वाटत असेल, त्या माणसाला किंवा तुझ्या आईला अवघड वाटत असेल, तर तसं सरळ कळव, मी रुसणार नाही, इथूनच आनंद मानीन. पण ये म्हणालीस तर दिवस आणि वेळ नीट सांग. आदल्या दिवशीच येईन. येताना चष्मा विसरणार नाही, म्हणजे सही जागच्या जागी होईल.

तुझीच,
आई